दगडाच्या वावराचा नकाशा

आमच्या गावात प्रत्येक वावराला नाव आहे. सातबाऱ्यावर नुसता गट नंबर असतो, पण नंबर कोणी बोलत नाही. बोरीचं वावर, नाल्याचं वावर, लांबोडी असंच बोलतात. ही नावं कुठं लिहून ठेवायची असतात असं मला कॉलेजात जाईपर्यंत कधी वाटलं नव्हतं.

मी हायवेवरच्या जाम या गावावरून बस धरून वर्ध्याला कॉलेजला जाते. दुसऱ्या वर्षी तिथं एक संस्था आली. गावातल्या लोकांना जे आठवतं, जे ते सांगतात, गातात, ते गावातल्याच कोणीतरी गोळा करावं आणि गावासमोर मांडावं, असं त्यांचं काम. त्यांनी आम्हाला चार दिवस शिकवलं. आवाज टिपायचं छोटं यंत्र दिलं, मोठं मांजरपाट कापड दिलं, रंग दिले. कार्यक्रमाच्या दिवशी माईक आणि सतरंज्या तेच पाठवणार होते. संस्थेच्या ताई म्हणायच्या, कार्यक्रम गाव करतं, आम्ही फक्त सतरंजी पोचवतो.

त्यांचा एक नियम होता. ज्याची आठवण आहे त्याला आधी दाखवायचं, ऐकवायचं. त्यानं हो म्हटल्याशिवाय बाकी कोणाला नाही. मी तो वहीत लिहिला आणि खाली रेघ मारली. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी सगळ्याच ओळींखाली रेघा मारायचे.

मी वावरांच्या नावांचा नकाशा करायचं ठरवलं. ज्या वावराबद्दल कोणी काही सांगेल ते कापडावर काढायचं. गावाच्या टोकाला गोंड लोकांची टोली, म्हणजे वस्ती आहे. तिथली एक म्हातारी माझ्या आईबरोबर वावरात तण निंदायला जायची, म्हणून मी तिला आजी म्हणायचे. दगडाच्या वावराबद्दल तिनंच सांगितलं.

दगड म्हणजे नुसते दगड नव्हते. तिच्या सासऱ्याच्या आधीपासून टोलीतलं माणूस गेलं की त्याच्या नावानं तिथं एक दगड उभा करत. वावर आता टोलीचं नव्हतं, पण पेरणारे गडी तेवढा तुकडा सोडून पेरायचे. पाच दगड उरले होते. शेवटचा तिच्या बहिणीचा. ती मला तिथं घेऊन गेली. तुरीतून वाट काढत आम्ही गेलो, आणि तिनं प्रत्येक दगडावर हात ठेवून नाव सांगितलं. बहिणीच्या दगडाशी ती गोंडीत काहीतरी बोलली. ते मला कळलं नाही, पण यंत्रात आलं. मीही दगडांवर हात ठेवला. मकरसंक्रांत व्हायची होती, तरी दगड ऊन लागून कोमट झाले होते.

परत येताना तिनं विचारलं, "हे कोनाले दाखवनार आहे तू?"

"पह्यले तुमालेच," मी म्हणाले.

नकाशा काढायला मला तीन आठवडे लागले. दगडाच्या वावरात मी पाच काळे ठिपके दिले. कापड वाळलं त्या दिवशी बाबा म्हणाले, "पह्यले काकाजीले दाखवून ये."

काकाजी म्हणजे दगडाच्या वावराचे मालक. आधी सरपंच होते. आमच्याकडे लग्नाची पत्रिका असो की सप्त्याची, पहिली त्यांच्या घरी जाते, आणि कार्यक्रमाचे अध्यक्षही तेच असतात. त्यांना न सांगता गावात चार लोक बसवणं म्हणजे त्यांचा अपमान. मला नियम आठवला. पण तो नियम बाकीच्या लोकांसाठी आहे, काकाजींना दाखवणं म्हणजे नुसती रीत, असं काहीतरी मी मनात ठरवलं. टोली उलट्या बाजूला होती आणि ऊन होतं, हेही खरं.

ते ओसरीत बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, झोके घेत बसले होते. काकूंनी चहा दिला. त्यांनी चष्मा लावला आणि कापड दिवाणावर पसरायला सांगितलं. नकाशा पाहून ते खरंच खूश झाले. त्यांच्या आजोबांच्या वेळची दोन नावं मला माहीत नव्हती, ती त्यांनी सांगितली. मग त्यांचं बोट ठिपक्यांवर थांबलं.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. नावांसकट सांगितलं.  मी सांगत असताना बंगईची कडी करकरायची थांबली, कारण त्यांनी पाय जमिनीला टेकवले होते. कोणत्या धुऱ्याकडून, म्हणजे बांधाकडून, किती आत, हे त्यांनी दोनदा विचारलं. वावर त्यांचंच होतं, त्यांना हे विचारायची काय गरज, असं तेव्हा माझ्या मनात आलं नाही. त्यांनी मोबाईलवर नकाशाचा फोटो काढला.

"अजून कोनं कोनं पाह्यला हा?"

"कोनीच नाई, काकाजी. तुमीच पह्यले."

हे मी अभिमानानं म्हणाले.

"चांगलं केलं. शिकजो. गावाचं नाव काढजो," ते म्हणाले, आणि गेटपर्यंत मला सोडायला आले. ते कोणालाच गेटपर्यंत सोडायला येत नाहीत. घरी येऊन मी हे आईला कौतुकानं सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

दुसऱ्या दिवशी टोलीत जायचं होतं, पण कॉलेजची परीक्षा होती. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळ एक जेसीबी येऊन उभा राहिला. लोक म्हणाले नाली साफ करायला आला असेल. दोन दिवस तो नुसताच उभा होता. मी बसला जाता-येता पाहायचे. त्याच दिवसांत एक पांढरी गाडी काकाजींकडे दोनदा येऊन गेली. हायवेलगतच्या जमिनी गोदामांसाठी मागतात हे सगळ्यांना माहीत होतं. दगडाचं वावर हायवेला लागून आहे, हेही सगळ्यांना माहीत होतं. पण या गोष्टी मी एका ओळीत ठेवल्या नाहीत.

शनिवारी दुपारी बसमधून उतरून गावात आले, तर जेसीबी जागेवर नव्हता. कापूस वेचून येणाऱ्या बायका आईला सांगत होत्या की काकाजींच्या वावरात उभी तूर मोडून राह्यले. मी दप्तर घेऊनच पळाले.

चारही बाजूंनी तूर उभी होती आणि मधे घराच्या अंगणाएवढी जागा सपाट झाली होती. ओल्या मातीचा वास येत होता. दगड मोडून पडलेत, बाजूला ढिगात आहेत, असंही काही नव्हतं. तिथं काहीच नव्हतं. मातीवर चाकांचे पट्टे होते आणि ते हायवेकडं गेले होते.

आजी धुऱ्यावर बसली होती. माझ्याआधी पोचली होती.

"पोरी, नकाशा कोनाले दाखवला तू?"

मी सांगितलं. 

"मले त अजून दाखवला नाई," ती म्हणाली.

मी ताईंना फोन केला. त्या दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आल्या. मला वाटलं रागावतील. त्यांनी फक्त विचारलं की दगडांचे फोटो आहेत का. नव्हते. फोटोची परवानगी आजीनं अजून दिली नव्हती, आणि तो नियम मात्र मी पाळला होता. ताई टोलीत जाऊन बसल्या. त्यांनी नकाशा आजीसमोर पसरला आणि सांगितलं की तहसीलला अर्ज लिहायला संस्था मदत करेल. कार्यक्रम रद्द करायचा असेल तर तोही करू, आजी म्हणेल तसं. आजीनं ठिपक्यांवरून बोट फिरवलं. म्हणाली, नकाशा लावा, ठिपके पुसू नका, पण माझा आवाज कोणाला ऐकवू नका. अर्जाचं ती काहीच बोलली नाही.

कार्यक्रम समाजमंदिरात दुपारी झाला. संस्थेच्या सतरंज्या, संस्थेचा माईक. नकाशा भिंतीवर, आणि त्याच्याखाली खुर्चीवर अध्यक्ष म्हणून काकाजी. ते ठरलेलंच होतं, बदला असं कोणी म्हणालं नाही. मीही नाही. टोलीतली माणसं मागं दाराजवळ बसली. एरवी कार्यक्रमात माणसं कुजबुजतात, पोरं धावतात. त्या दिवशी पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

काकाजी छान बोलले. जुनी नावं जपली पाहिजेत म्हणाले. मग नकाशाकडं वळले.

"एक चूक राह्यली पोरीची. माह्या वावरात कोनतेच दगड नाई. ज्याले पाहायचं त्यानं आत्ताच जाऊन पाहावं. पोरं शिकून राह्यली, चुकतातच. पोरी, तेवढं दुरुस्त करून घेजो."

आणि त्यांनी माईक माझ्या हातात दिला. हसत दिला.

बाबा समोरच बसले होते. त्यांनी मान खाली घातली. मी काय बोलणार हे माझं ठरलेलं नव्हतं. माझा आवाज माईकमधून फार बारीक आला.

"चूक झाली, काकाजी. आजीच्या आधी हा नकाशा मी तुमाले दाखवला. दाखवला तवा दगड तिथंच होते. मी हात लावून पाह्यले होते."

 काकाजींचं हसू तसंच राहिलं. मी दाराकडं पाहिलं, आजी काही म्हणेल म्हणून. ती उठली, चप्पल शोधली आणि निघून गेली. तिच्यामागं टोलीतली सगळी माणसं एकेक करून उठली.

नंतर चहा झाला. बाबांजवळ कोणी उभं राहिलं नाही.

आता संस्थेची बैठक दर महिन्याला होते. ताई येतात, पुस्तकं आणतात, लोक थोडे येतात. टोलीतून कोणी येत नाही. आवाजाचं यंत्र मी ताईंना परत द्यायला गेले, तर त्यांनी घेतलं नाही. तुझ्याजवळ ठेव, आजीकडे जाताना मात्र नेऊ नको, एवढंच म्हणाल्या.

म्हणून मी रिकाम्या हातानं जाते. आजी पाणी देते, आईची चौकशी करते. दगडांचं ती काढत नाही, मीही काढत नाही. तिच्या दारातून हायवेच्या बाजूचे लोखंडी खांब दिसतात. आता त्यांच्यावर पत्रे चढताहेत आणि दिवसभर ठोकल्याचा आवाज येतो.

परवा तिच्या शेजारच्या बाईनं नाल्याजवळच्या एका झाडाबद्दल काही सांगायला सुरुवात केली. आजीनं तिला हातानं थांबवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"हे कोनाले दाखवनार आहे तू?"

मागच्या वेळी मला उत्तर लगेच सुचलं होतं. या वेळी मी पाण्याचा गिलास नुसताच खाली ठेवला. ती बाई झाडाचं तिथंच सोडून आपल्या घरी गेली.