आफ्रिकेचं तिसरं तिकीट

१९४६, मार्गशीर्षातला मंगळवार. खालापूर. घरात आम्ही तिघं – सासूबाई, हे आणि मी.

जे लिहिते आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. तुम्हीच पहिले.

मी व्यवस्थित बाई आहे, असं सगळे म्हणतात. सहा वर्षांपूर्वी ह्यांना आफ्रिकेत, तिकडच्या रेल्वेत नोकरी लागली, तेव्हा सगळी तयारी माझ्याकडे होती. पासपोर्टचे फोटो, लोखंडी पेट्या, त्यांवर पांढऱ्या रंगाने नावं, वर्षाचा मसाला, गोधड्या, पाटा न्यायचा की नाही – सगळं मी ठरवलं. तिकिटं तीन. हे एकुलते एक. आईला मागे ठेवणं त्यांच्या मनातही नव्हतं. आणि सासूबाई तर माझ्याआधी तयार. वालांची पुरचुंडी बांधून बसलेल्या. "तिकडं वाल मिळत्यात का गं? नाय मिळाले तर पेरीन की. त्या लोकांनाबी कळू दे बिरडं काय असतं!"

त्या मला छळत होत्या का? नाही. उपाशी ठेवलं, बोल लावला – काहीच नाही. मग? बारा वर्षं मी त्यांच्या चुलीपुढे होते. आमटीत मीठ किती, तेही त्या स्वतःच्या हाताने टाकत. तिकडे दोन खोल्या मिळणार होत्या. पेट्या भरताना त्या खोल्या मला डोळ्यांपुढे दिसायच्या – आणि त्यांत सासूबाई नसायच्या. एवढंच. यापेक्षा मोठं कारण माझ्यापाशी नाही. शोधून पाहिलं आहे.

बोटीवर चढायला देवी टोचल्याचा दाखला लागे. टोचल्यावर आठवड्याने दंडावर फोड उठलेला दिसला, तरच दाखला. कर्जतच्या दवाखान्यात आम्ही तिघांनी टोचून घेतलं. लस वाळेपर्यंत हाताला पाणी लावू नका, असं तिथल्या माणसाने बजावलं – मला एकटीला, कारण ध्यानात ठेवणारी मीच दिसत होते. हे कचेरीत गेले. मी सासूबाईंना दवाखान्यामागच्या विहिरीवर नेलं. म्हटलं, लगेच धुवायला सांगितलंय, नाहीतर ताप चढतो. साबण लावला. दंड दाबून दाबून धुतला, पदराने खसखसून पुसला – पुन्हा धुतला. त्या हात पुढे करून उभ्या होत्या, लहान मुलीसारख्या.

हे मी केलं.

आठवड्याने आमच्या दोघांच्या देवी उठल्या होत्या. त्यांचा दंड कोरडा. "आजी, तुमचं काही लागू पडलं नाही," तो माणूस म्हणाला. "पुन्हा टोचू, पुन्हा आठवडाभर थांबा." बोट त्याआधीच सुटणार होती. हे म्हणाले, पुढच्या बोटीने नेऊ. मीही मान हलवली. मग लढाई वाढली, बोटींचा भरवसा राहिला नाही, ह्यांना रजाही मिळाली नाही.

पण मी हिशेबात न धरलेली गोष्ट वेगळीच होती. परतताना बैलगाडीत सासूबाई हळूच म्हणाल्या, "माज्या दत्तूला लानपनी देवी आल्या, तवा मी देवीला चांदीचे डोळे बोलले व्हते. वाहिले पितळंचे. तिनं ध्यानात ठेवलं बघ."

माझा गुडघा त्यांच्या गुडघ्याला लागत होता. तेव्हा तोंड उघडता आलं नसतं का? मी गाठोड्याची गाठ पुन्हा घट्ट केली.

आता रजेवर आलो आहोत. आमच्या मागे त्यांनी वासरू विकून देवीला चांदीचे डोळे वाहिले. तेवढ्याने भागलं नाही. सहा वर्षं पायांत वहाण नाही, मंगळवारी अन्नात मीठ नाही. टाचांना अशा भेगा की काल मी कोकमतेल भरायला बसले, तर त्यांनी पाय आखडून घेतला. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तिला दिसू दे."

ह्यांनी या खेपेलाही तिकिटं तीनच काढली आहेत. पण त्या दवाखान्यात यायलाच तयार नाहीत. "नको रं दत्तू. तिनं एकदा नाय म्हटलंय. बोटीत दुसऱ्याची लेकरंबाळं असत्यात. माज्यापायी त्यांना काय झालं म्हंजी?" काल हे रडकुंडीला आले आणि मला म्हणाले, "तूच सांग तिला. तुझं ऐकते ती."

माझंच ऐकलं होतं त्यांनी.

पेट्या भरून झाल्या. नावं रंगवून झाली. दवाखान्यात जायला उद्याचा दिवस शेवटचा. त्यानंतर टोचलं तर दाखला वेळेत मिळायचा नाही. सासूबाई पडवीत बसून अळणी भात जेवत आहेत. त्यांना सांगायचं राहिलं आहे.