किती टक्के सुधारला?

परवा मंगळवारी जेलच्या साहेबांनी मला विचारलं, "मौलानासाहेब, पोरगा किती टक्के सुधारला?"

मी निपाणीतल्या एका छोट्या मशिदीत इमाम आहे. दर मंगळवारी बस धरून आमच्या भागातल्या एका जेलमध्ये जातो, नाव लिहीत नाही. भडकाऊ व्हिडिओ बघून वाहवत गेलेल्या आणि आत पडलेल्या पोरांना दीन, म्हणजे आपला धर्म, नीट समजावून सांगायचा, हे माझं तिथलं काम. बोलावलंय सरकारनंच. आणि वर हा प्रश्न... पोरगा आहे की बारावीचा निकाल?

ज्याच्याबद्दल विचारत होते त्याला समीर म्हणू. खरं नाव वेगळं आहे. संकेश्वरकडचा, आयटीआय झालेला. परदेशात एसीत बसलेला कुणीतरी 'उठा, सूड घ्या' म्हणत होता, आणि यानं ते व्हिडिओ ग्रुपवर पाठवले, वर स्वतःची भडक वाक्यं जोडून. पाठवणारा आत, शिकवणारा तिकडं मजेत. त्या व्हिडिओवाल्यांना दीनमधलं ओ की ठो कळत नाही. कॅमेऱ्यासमोर बसून दुसऱ्यांची पोरं नासवायची तेवढी अक्कल मात्र आहे.

सुरुवातीला समीर बोलायचा. शंका काढायचा, हुज्जत घालायचा. मला तेच हवं असतं. आतलं बाहेरच आलं नाही तर मी उतारा कशावर देणार?

पण आमच्या खोलीत एक शिपाई बसायचा. खानापूरकडचा, माणूस साधा. पण त्याला हुकूमच होता, कानावर पडेल ते वर कळवायचं. एकदा समीरनं विचारलं, जुलूम करणाऱ्यावर हात उचलला तर तो गुनाह कसा? अहो, हा प्रश्न माझ्या मदरशातली चिल्लीपिल्लीही विचारतात! पण तो वर गेला. वरच्यांनी त्याचा अर्थ काढला, 'याचे विचार अजून बदललेले नाहीत'... आणि त्याच्या आईची भेट बंद करून टाकली.

ती माउली तरीही येते. गेटबाहेर बसते, आज तरी आत सोडतील म्हणून वाट बघते आणि पोराचं तोंड न बघता परत जाते.

त्यानंतर समीरच्या तोंडात एकच शब्द उरला. "पटलं." मी काहीही सांगितलं की, "पटलं मौलाना, समदं पटलं." साहेब खूश! माझा मात्र जीव जळत होता. खरंच पटलेला माणूस असा बोलत नाही, घाबरलेला बोलतो. असाच 'पटलं पटलं' करत तो उद्या सुटेल आणि आतलं सगळं जसंच्या तसं घेऊन घरी जाईल. मग आपण टीव्हीसमोर बसून म्हणायला मोकळे, ही पोरं सुधारतच नाहीत म्हणून.

दुसरीकडे आमची मंडळी. नमाज झाल्यावर चपला घालता घालता मुद्दाम मला ऐकू जाईल असं बोलतात, "सरकारी मौलाना आले बघा." तिकडं संशय, इकडं टोमणे... संताप येणार नाही तर काय होणार?

तर परवा त्या टक्क्यांवर माझा तोल सुटला. म्हटलं, "साहेब, शिपाई खोलीत बसणार असेल तर मी आत जात नाही. दुखणं सांगितलं म्हणून दवाखान्यात कुणी पेशंटला शिक्षा करतं का?"

साहेब म्हणाले, "उद्या काय झालं तर नोकरी माझी जाईल, तुमची न्हाय." त्यांचंही खोटं नव्हतं. पण मी खुर्ची सोडली नाही. शेवटी कसंबसं ठरलं, शिपायानं दाराबाहेर बसायचं. त्याला आम्ही दिसू, पण ऐकू येणार नाही.

समीर आला. मी त्याला सांगितलं, "आज ऐकणारं कोण न्हाय. तू बोलशील त्यातलं मी कुणाला काय सांगणार न्हाय, अल्लाची कसम."

त्यानं दाराकडं बघितलं. मग खाली मान घालून म्हणाला, "पटलं."

"काय पटलं रं? मी अजून काय सांगितलंच न्हाय!" मी खेकसलोच.

आणि पोरगा ताडकन उठला. "न्हाय पटलं! काय बी पटलं न्हाय!" गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता. बाहेर शिपाई उठायला लागला, मी हातानंच त्याला बस म्हटलं. देव त्याचं भलं करो, तो बसला.

समीर पुढं काय काय बोलला ते मी साहेबांना सांगितलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. मी काय बोललो ते माझं आहे, ते सांगतो. म्हटलं, "राग खरा हाय तुझा. ज्यांनी जुलूम केला त्यांची नावं घे, तक्रार दे, मी संगं येतो. पण ज्यांनी काय केलं न्हाय त्यांच्या पोराबाळांवर सूड काढा असं दीन कुठं सांगतोय, ते दाखव मला." त्याला तेही पटलं नाही. आम्ही तावातावानं भांडलो... वेळ संपली तरी भांडण काही संपलं नाही. जाताना म्हणाला, "म्होरल्या मंगळवारी या. माझं लई ऱ्हायलंय अजून."

साहेबांना म्हटलं, "त्याच्या आईची भेट चालू करा." ते म्हणाले, "बघू." त्या 'बघू'चा अर्थ आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे.

गेटबाहेर ती बसलेलीच होती. मला बघून उठली. "कसा हाय ओ पोरगा माझा?"

"भांडतोय, आक्का. लई भांडतोय."

ती म्हणाली, "मग बरा हाय. घरात बी तसंच करायचा."

पोरगा माझ्यावर ओरडला त्याबद्दल अल्लाहचे लाख शुक्र. आणि त्याच्या आईला तो दिसेपर्यंत दर मंगळवारी आता मीही साहेबांशी भांडणार आहे.