बोका खच्ची करायचा दिवस

आमचा बोका गावभर भांडून कान फाडून घेऊन यायचा. एकदा जखम चिघळून अंगात ताप भरला, तेव्हा माथेरानच्या घोड्यांवर उपचार करणाऱ्या म्हाताऱ्या सलोत्र्याला मी नेरळहून बोलावलं. खच्ची केल्याशिवाय ही भांडणं थांबणार नाहीत, हे त्यालाही पटलं. पण बोक्याला मांडीवर घेऊन तो म्हणाला, "आत्ता नाय. मला बोचकारंल तवा करू."

मी चडफडलो. एवढ्या लांबून आणला तो हे ऐकायला? त्यानं शांतपणे जखम धुतली आणि तो गेला. पुढं आपणहून दोनदा आला. बोका मांडीवर निपचित, म्हणून तसाच परतला. तिसऱ्यांदा मात्र बोक्यानं त्याचं मनगट रक्तबंबाळ केलं. म्हातारा खुशीत हसला, "अंगात जोर आला. आता हाय तयार!"

नंतर मी पुष्कळ डॉक्टर पाहिले. रोग्याच्या रागाची वाट पाहणारा तो एकटाच.