चंद्रभानजींचा भरीव बडग्या

चंद्रभानजींकडे कपडे शिवायला गेलेला माणूस त्यांचं मत ऐकल्याशिवाय परत येऊ शकत नसे. इतवारीतल्या त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती टेप पडली की ते बोलायला लागत, आणि गळ्यात टेप अडकलेला माणूस पळणार कुठे? मी त्यांच्या शेजारी राहायची, त्यामुळे मला टेपशिवायही ऐकावं लागे.

बँकेत ठेवलेला पैसा दुसऱ्याच्या पोरीच्या लग्नात नाचून येतो, म्हणून आपला पैसा आपल्या नजरेसमोर असावा, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा पैसा शिलाई मशीनच्या खणात, तेलाच्या कुपीशेजारी असे, आणि त्या नोटा वाणी आधी पुसून मग गल्ल्यात टाकी. नागपूरपुरता मे महिना सरकारनं रद्द करावा. कॅलेंडर छापणारे सरकारचं ऐकतातच, मग अडतं कुठे? टेरिकॉट घातल्यानं माणूस चिडका होतो. कुकरच्या शिट्टीनं वरण घाबरतं, म्हणून ते अंगी लागत नाही.

गॅसचा विषय निघाला की मात्र ते टेप खाली ठेवत.

"गॅस म्हणजे बॉम्ब हाय, मास्तरीणबाई," ते मला म्हणत. "आपल्याच पैशानं बॉम्ब घरी आणाचा, अन् वरून त्याच्यावर चहा ठेवाचा. सरकारले कोणी इचारत नाही."

हे सगळं ते बोलत तेव्हा आत त्यांची बायको मनकर्णा दगडी कोळशाच्या शेगडीपुढे बसलेली असे. त्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. पावसाळ्यात कोळसा ओला, गोवऱ्या ओल्या, आणि बाई पदरानं डोळे पुसत पोळ्या लाटतेय. मला त्या माणसाचा फार राग यायचा, स्पष्टच सांगते. मनकर्णानं मात्र भांडण न करता एक काम केलं. तिनं आपल्या भावाकरवी गॅससाठी नंबर लावून ठेवला आणि तोंड मिटून वाट पाहिली. वाट अशी की, नंबर लावला तेव्हा पाळण्यात असलेली तिची पोरगी शाळेत माझ्याच वर्गात येऊन बसली, तरी गॅसचा पत्ता नव्हता.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. त्या वर्षी ऐन पोळ्याच्या दिवशी गॅस आला. चंद्रभानजी बैल बघायला गेले होते. एजन्सीच्या माणसांनी शेगडी ठेवली, सिलिंडर ठेवला, रेग्युलेटर लावायचा कसा, काढायचा कसा हे दाखवलं आणि गेले. रात्री नवरा पुरणपोळी खायला त्याच स्वयंपाकघरात बसणार, म्हणून मनकर्णानं शेगडी फळीखाली लपवली आणि सिलिंडर गोणपाटात गुंडाळून भावाच्या मदतीनं मागच्या अंगणात नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी नवरा मिरवणुकीला गेला की शेगडी पेटवायची, मला पहिला चहा पाजायचा, आणि तो परत आल्यावर काय व्हायचं ते होऊ द्यायचं, असा तिचा बेत होता.

घोळ झाला तो चंद्रभानजींच्या बडग्यानं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबती, म्हणजे बायांचे मोठाले पुतळे, निघतात, आणि त्यांच्याबरोबर बडगे. ज्याला ज्याचा राग असेल त्याचा पुतळा करायचा, नावं ठेवत गावभर फिरवायचा, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत नेऊन जाळायचा. चंद्रभानजींना राग कशाचा नव्हता? दरवर्षी त्यांचा बडग्या असे. आदल्या वर्षीचा टेरिकॉटचा बडग्या वाऱ्यानं उडून एका वकिलाच्या गच्चीवर गेला होता आणि लोक पोट धरधरून हसले होते. त्यामुळे यंदाचा बडग्या जागचा हलणार नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कशाचा आहे ते मात्र सांगितलं नव्हतं. तोही गोणपाटात गुंडाळून त्याच अंगणात उभा होता.

सकाळी चंद्रभानजी पुढच्या दारी भोंगा बांधत होते. त्यांचे दोस्त नत्थूजी आणि वसंत हातठेला घेऊन मागच्या दारी आले, हाताला लागलं ते गोणपाट उचललं आणि कण्हत ठेल्यावर चढवलं.

"यंदा भरीव केला वाटते," नत्थूजी म्हणाले.

"रेती भरली असन," वसंत म्हणाला.

मिरवणूक गेल्यावर मनकर्णानं मला हाक मारली. अंगणात उरलेलं गोणपाट तिनं एकटीनं कडेवर घेऊन आत आणलं. काल दोन माणसं लागली होती, आज एका हातानं उचलला गेला, याचं श्रेय तिनं पुरणपोळीला दिलं. गोणपाट काढलं. अंधाऱ्या स्वयंपाकघरात लालभडक सिलिंडर झकास दिसत होता. तिनं देवाचं नाव घेऊन रेग्युलेटर बसवला आणि दाबला. रेग्युलेटर आत गेला. पाठोपाठ मनकर्णाचा हात मनगटापर्यंत आत गेला.

आम्ही दोघी त्या भोकाकडे बघत राहिलो. आत बांबूच्या कामट्या होत्या, वर खळ लावलेला कागद.

"माहा गॅस जाळाले नेला वं, बाई," ती म्हणाली आणि चप्पल न घालताच धावत सुटली. मी मास्तरीण, रस्त्यात विद्यार्थी भेटत होते, तरी मीही धावले.

तळ्याजवळच्या मैदानात पोचलो तेव्हा चंद्रभानजी भोंग्यातून मत देत होते. एकानं रॉकेलचा बोळा काठीला बांधून तयार ठेवला होता. "आता पाहा, घरात काय घुसून राहिलं ते," असं म्हणून त्यांनी गोणपाट ओढलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. असा हुबेहूब बडग्या कोणी पाहिला नव्हता. चंद्रभानजींनी मात्र स्वतःच्या हातानं कागद चिकटवला होता, त्यांना लोखंड ओळखू आलं. आणि गर्दीतून केस सुटलेली बायको येताना दिसली तेव्हा ते कोणाचं हेही कळलं. खरं बोलावं तर वर्षानुवर्षांची मतं मातीत, न बोलावं तर काठी पेटतेय.

त्यांनी भोंगा टाकला, ठेल्यावर उडी घेतली आणि सिलिंडरला मिठी मारली.

"काडी ओढू नोका गा. खरा हाय हा."

लोक आणखी हसले. बॉम्ब आहे, स्फोट होईल, हे त्यांच्या तोंडून ऐकून सगळ्यांचे कान किटले होते.

"माह्या घरचा हाय. माह्या बायकोनं आणला."

यावर तर काही लोक हसून खाली बसले. शेवटी मनकर्णानं काठीवाल्याच्या हातातून काठी हिसकावली, तिचं दुसरं टोक सिलिंडरवर हाणलं, आणि ठण्ण आवाज झाला. मग मैदान इतकं झटपट रिकामं झालं की वसंतची एक चप्पल आजतागायत सापडली नाही.

ठेला परत आणताना चंद्रभानजी सिलिंडरवर हात ठेवून चालत होते. "बॉम्ब घरी काहून नेऊन राहिले?" असं जो तो विचारी.

घरी मनकर्णानं रेग्युलेटर लावला. काडी ओढली तेव्हा चंद्रभानजी दारामागे उभे होते, अर्धे आत, अर्धे बाहेर. निळी ज्योत लागली, घर जागेवर राहिलं, आणि ते हळूहळू येऊन पाटावर बसले. त्या खोलीत जेवणाशिवाय ते कधी बसले नसावेत. चहा उकळेपर्यंत ते शेगडीकडे नाही, बायकोकडे बघत होते.

"तुह्या डोळ्याले पाणी काहून नाही येऊन राहिलं वं?" त्यांनी विचारलं. "मले वाटे, तुहे डोळेच तसे हायेत."

"धूर नाही ना, अजी," ती म्हणाली आणि चहा गाळायला लागली.

चंद्रभानजींनी कप हातात घेतला. मी मत ऐकायच्या तयारीनं बसले होते. त्यांनी नुसता चहा प्यायला, आणि कप स्वतः विसळून ठेवला.