मंगळावरची निवडणूक आणि माझी जाऊ

गेल्या रविवारी दुपारी आष्टीत, आमच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर, मी माझ्या सख्ख्या जावेशी लबाडी केली. तीही खेळात! सांगायला लाज वाटते, पण आठवडाभर घास गोड लागेना... म्हणून लिहितेय.

आधी खेळ सांगते. मी आणि माझ्या शाळेतले दोघं, शेख मॅडम आणि कांबळे सर, दोन वर्षांपासून दर रविवारी एक गोष्टीचा खेळ खेळतो. काळ तीनशे वर्षांनंतरचा. मंगळावर माणसांची वसाहत, आणि तिथलं पाणी वाटणारं नऊ जणांचं मंडळ. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, ते काय करणार हे बोलून सांगायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा टाकून ठरवायचं.

गेम मास्टर मी. म्हणजे मंगळ माझा, मंडळ माझं, आणि त्यातली सगळी कारस्थानंही माझी. कोण कुणाचा काटा काढणार, हे लिहिलेली दोनशे पानी वही आहे माझ्याकडे!

जूनमध्ये माझी धाकटी जाऊ संगीता लेकीच्या शाळेसाठी गावाकडून आष्टीला राहायला आली. शिक्षण दहावी. पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होती, महिला राखीव जागेवर... नावापुरतीच, असं आम्ही सगळे धरून चाललेलो. रविवारी एकटी काय करशील, ये बसायला, असं मीच म्हणाले. हौस माझी, दुसरं काय!

तिसऱ्याच रविवारी शेख मॅडम दारातूनच विचारायला लागल्या, "संगीता आली का?" कांबळे सरांनी माझ्या वहीचं दोन वर्षांत एकदाही कौतुक केलं नाही, आणि तिला म्हणाले, "वहिनी, लई डोकं हाय बरं का तुमाला!" मी आत पोह्यांची फोडणी टाकत होते. कांदा करपला त्या दिवशी.

स्पष्टच सांगते, जळले मी. जिला मंगळ आकाशात कुठे असतो ते माहीत नाही, तिनं माझ्या मंगळावर येऊन भाव खावा?

तर गेल्या रविवारी मंडळाच्या अध्यक्षाची निवड होती. संगीताचं पात्र म्हणजे पाण्याचे पंप दुरुस्त करणारी बाई, आणि समोर माझा मुरलेला जुना अध्यक्ष. मी सहा महिने खपून सापळे लावले होते... खोटी पत्रं, हेरगिरी करणारा रोबो, काय विचारू नका. पोरगी पहिल्याच सापळ्यात अडकणार, याची मला खात्री होती.

ती म्हणाली, "ताई, निवडीला पाच दिवस हायत ना? मग मी माझ्या बाजूचे सहा सदस्य घेऊन सहलीला चालले. मंगळाच्या चंद्रावर."

कांबळे सर टेबलावर हात आपटून हसले. आपल्याकडे कुणाला सांगायला नको... निवडीआधी सदस्य फुटू नयेत म्हणून त्यांना गाडीत घालून लांब नेऊन ठेवतात, मोबाईल काढून घेतात आणि थेट मतदानाच्या दिवशी आणून उभे करतात. माझ्या दोनशे पानांत यावर एक ओळ नव्हती! रोबो चंद्रावर पोचणार कसा?

मग तिनं अजून एक गोष्ट सांगितली. फोन काढून घेणार, पण रोज एकदा प्रत्येकाला पाच मिनिटं घरी बोलू देणार.

सापडली! त्याच फोनवरून जुना अध्यक्ष सदस्य गाठणार, असं मी जाहीर केलं. पंधराच्या वर पडलं तर दोघं फुटले. सहातले दोघं गेले की बहुमत गेलं. वहीच्या आडोशाला फासा टाकला. पडले चार.

मी झटकन फासा मुठीत घेतला आणि म्हणाले, "सतरा."

संगीता हरली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! शेख मॅडम हळहळल्या, "फोन कशाला दिलास गं? हातातली निवड घालवलीस."

"न्हाई मॅडम, फोन द्यावाच लागतो," संगीता म्हणाली. "सरपंचाच्या निवडीला मला नेलतं ना पाच दिवस. हितं ताईंकडं पोरगी तापानं फणफणलेली, आन् मला कुणी फोन देईना. पाया पडले मी त्यांच्या. हसत होते सगळे."

ते पाच दिवस तिची लेक माझ्याच मांडीवर होती. तिच्या कपाळावर मी पट्ट्या ठेवत होते, आणि तेव्हाच गावाच्या ग्रुपवर संगीताचा फोटो आला होता... मागे समुद्र, डोक्यावर पदर, डोळ्यांवर कुणाचा तरी गॉगल. लेकरू तापात आणि ही बाई मजा मारतेय, असं मी तेव्हापासून किती जणांत बोलले असेन. लग्नात बोलले, दिवाळीत बोलले. तिच्या तोंडावर बोलले. तिनं एकदाही उलट उत्तर दिलं नाही.

तेव्हाही जळतच होते की मी... तिला समुद्र आणि मला आजारपण, म्हणून.

"फासा चार पडला होता," मी म्हणाले.

मला वाटलं, ही म्हणेल, जाऊ द्या ताई, खेळच आहे. तसं काही म्हणाली नाही. माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "मग मोजा परत."

मोजली. सहा मतं. वहीत नवीन अध्यक्षाचं नाव मला लिहायला लावलं, आणि लिहिलं की नाही ते वाकून बघितलंसुद्धा.

जळणं गेलं का? खोटं कशाला बोलू, नाही गेलं. कांबळे सरांनी मलाही एकदा तरी 'लई डोकं हाय' म्हणावं, असं अजून वाटतं.

पण संगीता, तुझ्याबद्दल जे दहा जणांत बोलले, ते आज सगळ्यांसमोर परत घेते. तू मजा मारत नव्हतीस. तू परत आलीस तेव्हा दारातच लेकीला उचलून किती रडली होतीस, ते मी पाहिलं होतं... आणि काय झालं म्हणून विचारलंही नव्हतं. माफ कर बाई.