चौथं नाव

नव्या लॅपटॉपची स्क्रीन उजळली. निळ्या पडद्यावर एकाखाली एक चार चित्रं आली. फूल, आणि त्यापुढे वैदेहीचं नाव. कुत्र्याचं पिल्लू आणि पिवळं बदक, त्यांच्यापुढे बाकी दोघींची नावं. चौथं चित्र बॅगेचं. प्रवासाला नेतात तसली बॅग. तिच्यापुढे लिहिलं होतं, गेस्ट.

मी विचारलं, "माझं नाव कुठंय?"

वैदेही म्हणाली, "अगं, गेस्टमधून चालतंय की तुला. तू कुठे रोज बसणारेस?"

दुसरी पलंगावर पडल्या पडल्या म्हणाली, "नाहीतरी कॅटेगरीवाल्यांना सरकार देईलच की एखादा फुकट."

तिघी हसल्या. वैदेहीसुद्धा. आणि मीही हसले. हो, हसले. तोंड कुठं लपवावं कळलं नाही की माणूस हसतो.

दोन हजार सहा-सातची गोष्ट आहे. नाशकातल्या एका मेडिकल कॉलेजचं मुलींचं होस्टेल. खोलीत आम्ही चौघी. सेमिनार, प्रेझेंटेशन, शरीररचनेच्या सीड्या, सगळं कॉम्प्युटरवर आलं होतं. एकेकटीला परवडेना म्हणून चौघींनी मिळून एक लॅपटॉप घ्यायचं ठरलं. वाटा चौघींचा सारखा. माझाही. त्यात कुणी मला सूट दिली नव्हती आणि मी मागितली नव्हती.

निवडलाही मीच होता. हे लोकांना खरं वाटत नाही. कॉलेज रोडवरच्या दुकानात गेलो तेव्हा तिघींना चंदेरी, पातळ, पोरींच्या पर्समध्ये मावेल असला हवा होता. दुकानदार वैदेहीशीच बोलत होता. मी विचारलं, "लाइट गेल्यावर किती वेळ चालतो?" त्याने ऐकलंच नाही. पुन्हा विचारलं. तेव्हा भारनियमनाचे दिवस. नाशकात रोज काही तास लाइट जायची आणि आमच्या पेठकडं तर ती पाहुण्यासारखी यायची. मी अंधारात अभ्यास करून आलेली. मला पातळपणाचं काय कौतुक? वैदेहीने दुकानदाराला गप्प केलं. म्हणाली, "हिचं ऐका आधी. हिला कळतंय." मग त्याने मागच्या फळीवरचा काळा, जाडजूड लॅपटॉप काढला. बॅटरी मोठी. तोच घेतला. रिक्षात मांडीवर मी धरून बसले होते. लेकरासारखा.

म्हणून ती बॅग जास्त लागली. दुकानदाराने केलं असतं तर चाललं असतं. दुकानदार काय, कोण कुठला. वैदेही माझी मैत्रीण होती. पहिल्या दिवशी माझी पत्र्याची पेटी बघून बाकीच्या तोंड फिरवून बसल्या, तेव्हा तिनेच एक बाजू धरून जिना चढवली होती. माझ्या इंग्रजीला सगळा वर्ग खुसुखुसू हसायचा, ती शब्द सुधारून द्यायची.

दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्या पाड्यावर आली होती. पेठच्या पुढं एसटी सोडून बरंच चालावं लागतं. आईने अंगण सारवून ठेवलं होतं. घरातली एकुलती खुर्ची तिला दिली. कोंबडी कापली. नागलीची भाकरी थापताना सारखी म्हणायची, "खा बाय, लाजू नको." आणि तिनेही खाल्लं पोटभर, खोटं कशाला बोलू. माझ्या धाकट्या बहिणीला, हिराला, तिने मांडीवर घेतलं. कॅमेरा आणला होता. फोटो काढले. आम्ही सगळे हसत उभे राहिलो.

गेस्ट म्हणजे पाहुणी. एवढं इंग्रजी मला येत होतं. आमच्या घरी पाहुणीला जे मिळालं ते मी तुम्हाला सांगितलं. माझ्या वाट्याच्या मशीनमध्ये पाहुणी म्हणून मला काय मिळालं तेही ऐका. त्या तिघींना पासवर्ड. मला नाही. त्यांनी सीडी टाकली की ती माझ्याकडून उघडायची नाही. काही नवीन घालायला गेले की पाटी यायची, तुम्हाला परवानगी नाही. रोज. ती बॅगच काय ते सांगत होती. उचल आणि नीघ.

तरी मी गप्प. वाटलं, मशीनचं काय घेऊन बसायचं, माणूस आपलं आहे ना?

मग सार्वजनिक आरोग्याच्या विषयाचा सेमिनार आला. मी नि वैदेहीने मिळून करायचा होता. विषय मी सुचवला, सिकल सेल. आमच्या डोंगरातल्या घराघरात हे दुखणं आहे. हिराला आहे. रात्र रात्र सांधे धरून रडते, अंग तापतं, डोळे पिवळे होतात. भगत झाला, ताईत झाले, मग कुठे सिव्हिलला रक्त तपासलं. मी डॉक्टर व्हायला निघाले ती हिच्यापायी. ते सगळं मी बॅगेच्या चित्रात बसून टाइप केलं. एका एका बोटाने.

वैदेही म्हणाली, "माझ्याकडे दे, नीट मांडते. बोलतेही मीच, तू अडखळतेस. नाव दोघींचं."

मी दिलं. विश्वास होता.

हॉलमध्ये शंभरेक पोरं. सर पहिल्या रांगेत. पहिली स्लाइड आली. त्यावर नाव एकच. वैदेहीचं.

मी स्वतःलाच समजावलं, शेवटी असेल. आभारात तरी असेल.

तिसऱ्या स्लाइडवर हिरा होती. आमच्या दारातली. मागे सारवलेली भिंत, छपराचे वासे, आणि खांद्यावर आईचा हात. फक्त हात. डोळ्यांवर काळी पट्टी. खाली लिहिलं होतं, केस एक, आदिवासी, स्त्री, वय नऊ. वैदेही छान इंग्रजीत सांगत होती, या रुग्णाचे डोळे पिवळसर असतात. पिवळे डोळे दाखवायचे आणि डोळेच झाकायचे! पोरं लिहून घेत होती.

खाल्ल्या घरचे वासे मोजतात म्हणतात. हिने वाशांसकट फोटो काढून आणले होते. केसाने गळा कापणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

मी उभी राहिले. इंग्रजी आठवेना, म्हणून मराठीत बोलले.

"सर, ती केस नाही. माझी बहीण आहे. हिरा नाव आहे तिचं. हे सगळं मी लिहिलंय आणि हा फोटो लावायला माझ्या आईला कुणी विचारलेलं नाही."

सर म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे. शास्त्रात इमोशनल होऊन चालत नाही. बसा तुम्ही."

मी म्हटलं, "नाही बसत. तुमच्या मुलीचा लावला असता तर विचारलं असतं ना, सर?"

तेवढ्यात लाइट गेली. रोजच्या वेळेलाच. प्रोजेक्टर विझला, पंखे थांबले. टेबलावरचा लॅपटॉप तेवढा चालू. मी निवडलेली बॅटरी. त्या उजेडात हिरा पट्टी बांधून हसत होती. वैदेहीने झाकण लावायला हात नेला. मी म्हटलं, "हात लावू नकोस." तिने मागे घेतला.

खोलीवर ती रडली. "मला वाटलं तुला आवडेल. तुमच्याच लोकांसाठी ना गं?" मी तिचे डोळे पुसले नाहीत. आधी पुसले असते.

शनिवारी घरी गेले. आईला आणि हिराला सगळं सांगितलं. आई चुलीपुढं बसून राहिली. हिराला विचारलं, "तुझा फोटो मी माझ्या नावापुढं लावू?"

हिरा म्हणाली, "लाव ना ताय. पण डोळं नको झाकू. आन माझा पडेल दात दिसू दे."

परत आल्यावर लॅपटॉप वैदेहीसमोर ठेवला. "पासवर्ड टाक."

"कशाला?"

"टाक म्हटलं ना. नाहीतर हा माझ्या पेटीत जाईल, आणि त्या पेटीच्या कुलपाची किल्ली माझ्याकडं आहे."

टाकला तिने. मी नवीन नाव घातलं. माझं, पूर्ण, आडनावासकट. अधिकार त्या तिघींइतकेच. तिच्या फोल्डरमधून पट्टी नसलेला फोटो काढून नावापुढं लावला. मग गेस्टवर गेले. मशीनने विचारलं, बंद करायचं का? मी म्हटलं, हो. बॅग गेली.

त्या दिवसापासून कुणीही लॅपटॉप चालू केला की फुला-बदकांच्या रांगेत हिरा यायची. पिवळ्या डोळ्यांनी सरळ बघत, पडका दात दाखवत.

आठवड्याने वैदेही म्हणाली, "तो फोटो काढ ना गं, प्लीज. मला नाही बघवत."

मी म्हटलं, "बघायचं. रोज बघायचं. मग तुझा पासवर्ड टाकायचा."