हाताचा गुण

गाड्यांच्या बॉडीचे पत्रे करणाऱ्या त्या कारखान्यात सपाटदादांना खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. टेबलावर ठेवलेल्या त्यांच्या पत्र्याखाली पोस्टकार्डसुद्धा सरकायचं नाही, म्हणून ते सपाटदादा.

मोठा पत्रा नुसता असला की लटपटतो. त्याला ताठपणा यावा म्हणून त्यावर लांबलचक कंगोरे पाडतात. मशीनच्या दोन चाकांमधून पत्रा फिरवायचा, की आखलेल्या रेघेवर उंचवटा उठतो. दिसायला सोपं. पण कंगोरा पडला की बाकीचा पत्रा रुसतो. कुठे फुगतो, कुठे पिळवटतो, मधोमध दाबला तर ‘टप्प’ करून आत जातो आणि सोडला की ‘टुप्प’ करून बाहेर येतो. दादांच्या पत्र्याने कधी तोंड उघडलं नाही. कोणी विचारलंच तर ते म्हणायचे, “हाताचा गुण असतो बाबा. तो शिकवता येत नाही.”

हे खोटं होतं. दादा रोज सगळ्यांच्या आधी दीड तास यायचे. जिथे कंगोरा येणार, तेवढीच पट्टी ऐरणीवर ठोकून ठोकून ताणून ठेवायचे आणि ते पत्रे ताडपत्रीखाली झाकायचे. धूळ बसते म्हणून, असं सांगायचे. आठ वाजता माणसं येत, तेव्हा त्यांना दिसे ते फक्त चाक फिरवणं.

बारा वर्षांपूर्वी बायकोने तिच्या धाकट्या भावाला त्यांच्याकडे सोपवलं. “तुमच्या हाताखाली घ्या. पोराबाळांचा बाप आहे, मार्गाला लागेल.” मेहुणा आला आणि आठ दिवसांत रेघ अशी सरळ धरायला लागला की दादा स्वतःचं चाक थांबवून बघत राहिले. सपाट पत्रा करणारा कारखान्याला एक पुरतो. दुसरा, तोही पंधरा वर्षांनी लहान, कशाला हवा? दादांनी त्याला मशीन शिकवलं. हातोडी दाखवली नाही.

मेहुण्याचा एकेक पत्रा बोलू लागला. माणसं मुद्दाम येऊन बोटाने दाबून जायची. आठवड्यात त्याचं नाव ‘टपटप’ पडलं.

“भाऊजी, माझं चुकतंय कुठे?” तो विचारायचा.

“चुकत काही नाही रे. हातच नाही तुझा, त्याला कोण काय करणार?”

तिसऱ्या महिन्यात मेहुणा आपणहून मालकाकडे गेला आणि फाटकावर हातगाडी ओढायचं काम मागून घेतलं.

एवढ्यावर भागलं असतं, तर कदाचित दादांनाही विसरता आलं असतं. पण ‘हातच नाही तुझा’ या शब्दांवर मेहुण्याचा विश्वास बसला. घरी साधा खिळा ठोकायचा तरी तो सुताराला बोलवायचा. मुलीच्या सायकलची चेन उतरली, तर शेजारणीने येऊन चढवली आणि हा बाजूला उभा राहून हसत होता, “आमच्या हाताला नाही हो ते.” एकदा दादांच्याच घरी नळ गळत होता. तो पाना घेऊन वाकला, तशी त्याची बहीण पटकन म्हणाली, “तू राहू दे रे, आहे त्याहून बिघडायचं. हे येऊ देत.” त्याने पाना निमूटपणे खाली ठेवला. दादा दारातच होते.

सांगावंसं त्यांना अनेकदा वाटलं. पण एक वर्ष गेल्यावर जे सांगणं अवघड होतं, ते पाच वर्षांनी अशक्य झालं, आणि बारा वर्षांनी तर बोलायला तोंडच उरलं नाही.

मग त्यांचा उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना. डॉक्टरने तीन महिने हातोडीला शिवायचं नाही म्हणून बजावलं, आणि नेमके तेव्हाच चाळीस पत्रे आठवड्यात हवे होते. डाव्या हाताने चाक फिरवता येतं, असा विचार करून दादांनी न ठोकलेलाच पत्रा मशीनवर चढवला. तिसऱ्या कंगोऱ्याला पत्र्याने अंग टाकलं. टेबलावर ठेवून दाबला.

टप्प.

सपाटदादांचा पत्रा बोलला होता. वेल्डरने उगाचच चष्मा पुसला. तेवढ्यात मेहुणा हातगाडी घेऊन आत आला. त्याने पत्रा पाहिला, दादांचा चेहरा पाहिला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मालच खराब आलाय, भाऊजी. तुमच्या हाताकडून असं व्हायचंच नाही.”

त्याने थप्पड मारली असती, तरी दादांना बरं वाटलं असतं. त्याचे पत्रे बोलायचे, तेव्हा ‘माल खराब आहे’ म्हणायला कोणाची जीभ उचलली नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामं झाल्यावर त्यांनी मेहुण्याला बोलावलं आणि कपाटातली हातोडी पुढे केली.

“मला कशाला देता? आणखी एक पत्रा वाया जाईल.”

“घे म्हणतो ना. या रेघेवर ठोक. पट्टीच्या बाहेर जाऊ नको.”

“फुगायला लागला की!”

“फुगू दे. शिंपी चुण्या घालायच्या आधी कापड जास्तीचं धरतो ना, तसं. कंगोऱ्याला पत्रा लागतो. आधी दिला नाहीस, तर तो दोन्ही बाजूंनी ओढून घेतो, आणि मग सगळंच पिळवटतं.”

मेहुण्याने पाचही रेघा ठोकल्या. चाकं एकदम आवळली नाहीत. दादांनी सांगितलं तसं थोडं थोडं दाबत तीनदा पत्रा फिरवला. मग टेबलावर ठेवून अंगठ्याने दाबला. पुन्हा दाबला. पत्रा मुका होता.

त्याने हातातली हातोडी उलटीपालटी करून पाहिली.

“हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?”

“हो.”

“ताईला?”

“नाही.”

तेवढ्यात माणसं जेवून परतली. वेल्डरने पत्रा दाबून पाहिला आणि ओरडलाच, “अरे, टपटपने केला हा! दादा, शेवटी उतरला बघा तुमचा गुण याच्यात. गुरू असावा तर असा!” दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या.

दादांना नुसतं गप्प बसायचं होतं. बाकी सगळं आपोआप झाकलं गेलं असतं. मेहुणा मान खाली घालून हातोडीचा दांडा पुसत होता. तो काही बोलणार नव्हता.

“गुरू कसला,” दादा म्हणाले. “ही एवढी ठोकाठोक. बारा वर्षांपूर्वी एका दुपारीत सांगून झाली असती. मी लपवली. मुद्दाम. याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, म्हणून.”

टाळ्या कधीच थांबल्या होत्या. कुठे बघावं ते कोणालाच कळेना. कोणीतरी ग्राइंडर सुरू केला, त्याचे आभारच मानायला हवेत.

मेहुण्याने नवा पत्रा ऐरणीवर ओढला. दादांकडे न बघताच म्हणाला, “डावा हात चालतो ना? मग धरा हे टोक. आणि ताईला आज तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही.”

दादांनी टोक धरलं. हातोडीचा प्रत्येक घाव पत्र्यातून त्यांच्या हातापर्यंत येत होता, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी एकदाही हात बदलला नाही.